सुईएवढं भोक

...आणि वर मलाच म्हणतात, आजोबा, या वयात टर्बो बसवायची हौस कशाला! हौस? तुम्हाला सांगतो, साल दोन हजार चोवीस, माघ महिना, सकाळी थंडी आणि दुपारी टाळू तापते असे ते दिवस, आणि मला एक फेरी देणं होतं. हौस कसली.

देणं कसलं ते ऐका. आदल्या श्रावणात माझी जीप डोंगरावरच्या वाडीला चढताना शेवटच्या वळणावर दमली, मागे घसरली, ओहळात गेली. वाडीतला कमळ्या सात माणसं घेऊन आला, दोर लावून वर ओढली. मी खिशात हात घातला. तो म्हणाला, "पैसं नको दादा. आयशीला डोळ्यांच्या शिबिराला खाली न्या. तेवढी एक फेरी." त्याची आई चंद्राबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचा माणूस दिसत नाही, पण ताठा असा की लेकाच्या पाठीवरून जाणार नाही. मी काय लाकडाची मोळी हाय काय, म्हणते. मोटार आली तर येईन, नायतर आंधळीच बरी.

आता सांगा, त्या चढाला माझी जुनी जीप पुन्हा दमली तर? म्हणून टर्बो. शिळफाट्याच्या रोहिदासने बसवला. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनाच्या धुरावर फिरणारी भिंगरी, इंजिनात हवा कोंबते. फिरते इतकी की तेल नसेल तर क्षणात जळेल. ते तेल वरच्या बारीक नळीतून येतं, खालच्या जाड नळीतून इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये परत पडतं. आणि वरच्या नळीच्या बोल्टाला भोक केवढं? सुईएवढं! रोहिदास म्हणाला, "दादा, एवढंच पायजे. या भोकाला हात लावायचा नाय." मी मनात म्हटलं, चाळीस वर्षं डिझेलची गाडी हाकतोय, तेल कमी पडून मेलेली इंजिनं ढीगभर पाहिली, तेल जास्त झालं म्हणून मेलेलं एक पाहिलं नाही. हा पोरगा मला शिकवणार? गाडी माझी, चावी माझ्या हातात. घरी आलो, बोल्ट काढला, ड्रिल घातलं, काडेपेटीची काडी आरपार जाईल एवढं भोक केलं. आणि समाधानाने जेवलो.

दुसऱ्या दिवशी धूर. निळा. अंगणभर.

मग काय, ज्याला त्याला अक्कल. शेजारचा विलास म्हणतो, काका, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवा. जावई राजेश फोनवर, मामा, मोडीत घाला, बॅटरीवरची घ्या. मी म्हटलं, बॅटरीवरची तूच चढव त्या वाडीला. रोहिदास आला, खालची नळी चाचपली, सरळ होती, कुठे वाकली नव्हती. टर्बोत तेल तुंबतंय, हवेबरोबर इंजिनात जाऊन जळतंय म्हणाला, आणि माझ्याकडे बघत विचारलं, "बोल्टाला हात लावला काय?"

"नाही."

एका शब्दाचं खोटं, तुम्हाला सांगतो. पण त्यानंतर ती गाडी माझ्याकडे बघायला लागली. रोज तिच्या सावलीत झोपणारं कुत्रं, ते तिथे बसेना. शिबिर दोन दिवसांवर. भोक पुन्हा लहान करायचं तर रोहिदासकडे जायचं, रोहिदासकडे जायचं तर तोंड उघडायचं... मी म्हटलं, एका फेरीचा प्रश्न आहे, काय होतंय, चावी माझ्या हातात आहे ना?

चढली. शिबिराच्या सकाळी शेवटचं वळणसुद्धा चढली, काय सांगू! फक्त आरशात मागचा डोंगर नव्हता, नुसता धूर. वाडीत पोचलो, गाडी वळवून उताराकडे तोंड करून ठेवली, इंजिन चालूच, कारण बंद केलं आणि पुन्हा लागलं नाही तर? चंद्राबाई अंगणात लाकडी पाटावर बसलेली, नवं लुगडं नेसून. तिने नाक वर केलं. "सहदेवा, तेल जळतंय रं. तुझ्या गाडीच्या पोटात काय तरी बसलंय."

मी म्हटलं, चंद्राबाय, घाबरू नका, चावी माझ्या हातात आहे.

आणि इंजिनाचा आवाज चढला. मी बाहेर उभा, पेडलवर कोणाचा पाय नाही, आणि आवाज चढतोय. धावत जाऊन चावी फिरवली, उपसून काढली. चावी माझ्या हातात! मुठीत! आणि गाडी चालूच... आणखी जोरात, किंचाळत. डिझेल बंद झालं होतं हो. ती स्वतःचं तेल पीत होती. मीच मोकळं करून दिलेलं.

गिअर टाकून ब्रेकवर दाबून बंद पाडावी, तर पुढे उतार आणि उतारावर वाडीची पोरं. तशीच सोडावी, तर इंजिन फुटून लोखंड उडणार. सगळे पळाले. एकटी चंद्राबाई पाटावर, कुठे पळायचं ते दिसत नाही म्हणून बसलेली, ऐकत.

कमळ्या मागे फिरला, त्याने एका हाताने आईला उचलून बाजूला केलं, दुसऱ्या हातात पाट. "हवा कुठनं घेते?" मी बोनेट उघडून हवेचा पाइप उपटला, हवा ओढणारं तोंड उघडं पडलं. त्याने पाट त्या तोंडावर दाबला आणि वर पडला. तोंडाने पाट ओढून धरला, गाडी दोनदा उचकली आणि मेली.

इतकं शांत झालं की पाखरू बोलेना.

कमळ्याचं बालपण कोळशाच्या भट्ट्यांवर गेलं. तो घाम पुसत म्हणाला, भट्टी अंगावर आली की भोक बुजवायचं, बाकी काय नाय. मग हळूच म्हणाला, "पण भट्टी अशी उगाच भडकत नाय, दादा. कुणीतरी भोक मोठं केलेलं असतं. कुणी केलं?"

"मी."

मी चंद्राबाईपुढे पाठ करून उकिडवा बसलो. कमळ्या म्हणे, दादा, तुमी सत्तरीचे, मी घेतो. मी म्हटलं, फेरी माझी आहे. म्हातारीने माझी पाठ चाचपली, खांदे चाचपले, जसं गिऱ्हाईक बैल बघतं. "गाडीवाला तूच ना? मग येते."

पाऊण तास. चार वेळा टेकलो, गुडघे वाजत होते, मागून म्हातारी सांगत होती, हळू घे, वळण आलं असंल. डोळे गेलेले, पण वळणं तिला पाठ! खाली रस्त्यालगतच्या शाळेत शिबिर. वहीत नावं घेणारी मुलगी मला बघून उठलीच. आजोबा, एवढ्या लांबून कशाने आलात?

मी मूठ उघडली. चावी माझ्या हातात.

मुलगी बाहेर बघते, गाडी कुठे? तेव्हा पाठीवरून चंद्राबाई बोलली, "गाडीनंच आले, बाय. चांगली चालली. धूर नाय केला."

मी तिला बाकावर ठेवली. मागोमाग उतरलेला कमळ्या म्हणाला, "फिटली फेरी, दादा."

फिटली.