चाखण्याची घट आणि माझा धंदा

…न्हाई, पण मला सांगा, माझं चुकलंच काय? फोन वाजला, मी उचलला! एकोणीस वर्षं उचलतोय! सांगलीत मार्केट यार्डाच्या मागं एक खोली, दारावर पाटी 'जयपाल सॉफ्टवेअर', आणि धंदा काय, तर बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला प्रोग्राम द्यायचा. कुणाच्या पेट्या आल्या, कुठल्या चेंबरात हायत, सौदा झाला का, समदं त्यात. एकदा करायचा आणि दर कॉम्प्युटरमागं वर्षाला पैसे घ्यायचे. खरं तर पैसे कशाचे? फोन उचलायचे! तुम्हाला सांगतो, माझ्या लग्नात मी अंतरपाटाच्या अलीकडं हुबं राहून फोन उचललाय… उपाध्ये बघायलेत, पलीकडनं बायको ऐकायलीय, आणि मी म्हणतोय, 'काका, बंद करून चालू करा!' सवय, दुसरं काय!

तर तासगावच्या कोल्ड स्टोरेजवाल्या त्रिशलाअक्का. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, अकरा कॉम्प्युटर! अक्कांनी माझा प्रोग्राम ठेवलाय म्हणून बाकीच्या चाळीस जणांनी ठेवलाय. अक्का गेल्या की समदे गेले, हे आमच्या घरात पोराबाळांना बी पाठ. आणि ऐन सीझनात अक्कांचा फोन, "अरं जयपाल, मी एआयशी बोलायलीय बघ! नुसतं मराठीत बोलतीय आणि ते प्रोग्राम करायलंय!"

गेले की हो अकरा कॉम्प्युटर! पण आतनं जरा हसू बी आलं. म्हटलं करू दे, पेट्या जमतील, चेंबर जमतील, चाखण्याची घट कुठनं आणणार? तुमी कवा बेदाण्याचा सौदा बघितलाय? पेटी फोडून माल टेबलावर ओतायचा. व्यापारी येणार, मूठ भरणार, चार दाणे तोंडात, बाकी खाली… 'गोडी कमी हाय,' म्हणणार आणि परत मूठ भरणार! अरं, कमी हाय तर खातोस कशाला? दहा जणांची गोडी बघून होईस्तोवर पेटी हलकी! आता ती घट शेतकऱ्याची किती, घेणाऱ्याची किती, अक्कांची किती? लिहिलंय कुठं? कुठंच न्हाई! माझ्या प्रोग्रामात हाय आणि माझ्या डोक्यात हाय. सौद्यात तासन् तास हुबं राहून, लोकांची भांडणं ऐकून बसवलंय मी ते.

चौथ्या दिवशी परत फोन. "अरं जयपाल, ते एआय विचारायलंय, घट कशी वाटायची? मला काय धड सांगता येईना. तूच सांग की!"

शहाणा माणूस काय म्हणला असता? 'अक्का, रेंज न्हाई!' आणि मी काय म्हणलं? "थांबा अक्का, स्पीकरवर टाका!" सवय, दुसरं काय! अडीच तास, तुम्हाला सांगतो, अडीच तास! हिरव्या बेदाण्याला ही रीत, काळ्याला ती, पेटी परत भरली तर तिसरीच… आणि मधनंच ते यंत्र गोड आवाजात, "खूप छान समजावलंत. पावसात भिजलेल्या मालालाही हाच नियम का?" आता एकोणीस वर्षांत एका गिऱ्हाइकानं, एका तरी, 'छान समजावलंत' म्हणलं असंल तर शपथ! मी फुगलो हो! विचारलं न्हाई ते बी सांगितलं! वर अक्कांनी प्रोग्राम चालवून बघितला तर एका लॉटात किलोभर चुकायलेलं… ते बी मीच दुरुस्त करून घेतलं. सवय!

बायको म्हणली, "तुमी काय केलंसा कळलं का?" म्हणलं, "अगं, त्यांनी विचारलं!"

आणि अक्का मनानं लय मोठ्या. त्यांनी तो प्रोग्राम बेदाणावाल्यांच्या ग्रुपवर टाकला. फुकट! आठवड्यात माझे चाळीसच्या चाळीस गेले. कोण कशाला थांबतंय? वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढ्या वर्षांची पाटी उतरवताना रडू आलं मला. आणि अक्कांनी प्रोग्रामखाली काय लिहिलंय माहितीय? 'अडचण आल्यास जयपालला विचारा,' आणि माझा नंबर!

काल दिवसभरात एकतीस फोन. प्रोग्राम माझा न्हाई, गिऱ्हाईक माझं न्हाई, मिळायचं काय न्हाई. बायको म्हणते, "आवं, नका उचलू!" तिचं बरोबर हाय. पण मी न्हाई उचलला तर ही माणसं त्या एआयलाच विचारतील की! आणि त्याला समदं येतंय… मीच शिकवलंय. मग मला कोण विचारणार?