खिडकीची जागा

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न. जागा कोणाची? जो बसला त्याची, की ज्यानं धरली त्याची?

हसू नका! पहिल्या ओळीत बघा. तीन उपरणी अंथरलेली आहेत. उपरणी कीर्तनाला आली, माणसं चहाला गेली! साक्षात देव आला तरी त्याला म्हणणार, "जागा धरलेली आहे, मागं बसा!"

तर ऐका. मुरूम गावात दिगंबर महिंद्रकर नावाचे शिंपी होते. मुलगी एकच, शकू. ती शिकायला लातूरला. दर सोमवारी एसटी! गाडी फलाटाला लागते न लागते तोच दिगंबरराव धावायचे. खांद्यावरचा पंचा खिडकीतून आत — धप्प! पंचा पडला की जागा झाली. मग तिथं तहसीलदारही बसत नाही! शकू सावकाश दारातून चढायची, पंचा खिडकीतून बापाला परत द्यायची आणि पुस्तक उघडायची. गाडी हलेपर्यंत दिगंबरराव खिडकीखाली उभे. बोलायचे काही नाहीत. शिंप्याच्या तोंडात टाचण्या असतात हो, बोलणार कसा!

शकू शिकली, लातूरलाच ग्रंथपाल झाली. मग दिगंबरराव गेले. पटकन सांगितलं, कारण तेही तसेच पटकन गेले. शकूनं आल्यागेल्याला चहा दिला, सगळं रीतसर केलं. रडली नाही. बायका म्हणाल्या, "घट्ट काळजाची आहे गं!"

अस्थी आळंदीला, इंद्रायणीत सोडायच्या, ही दिगंबररावांची इच्छा. म्हणून शकू पुण्यात उतरली. मोठं शहर! पाटीवर आकडे, आकड्यांपुढे अक्षरं. विचारावं तर एक सांगतो, समोरून मिळेल. समोर जावं तर दुसरा सांगतो, आत्ता तिकडूनच गेली! हातात पिशवी, पिशवीत अस्थींचा कलश, कलशाला वडिलांचाच पंचा बांधलेला. अस्थी जमिनीवर टेकवत नाहीत, म्हणून पिशवी सारखी उराशी.

आळंदीची बस आली. दाराशी ही झुंबड! पिशवी चेंगरायची. मग शकूनं काय केलं? बापाची विद्या! थेट खिडकीशी गेली. आत खिडकीची जागा रिकामी, तिच्या शेजारी एक बाई बसलेली.

"मावशी, एवढी पिशवी ठेवून जागा धरता का? आलेच मी."

"आण की! धरते!"

पिशवी आत गेली. जागा झाली! शकू निघाली सावकाश दाराकडे —

मंडळी, एसटी फलाटावर पाय पसरून बसते. कंडक्टर चहा पितो, ड्रायव्हर तंबाखू मळतो. शहरातली बस नुसती टेकते. टण टण! निघाली!

शकू खाली. वडील बसमध्ये.

थांब्यावर बसवाल्यांची चौकी होती. आतल्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "काय झालं?"

"वडील बसमध्ये राहिले. आळंदीच्या."

"मग घाबरता कशाला? शेवटच्या थांब्यावर उतरतील."

"त्यांना उतरता येणार नाही."

"गुडघे?"

"नाही. वारलेत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बसमध्ये?"

"नाही. आधीच. मुरूमला."

साहेबांनी फोन लावला. कंडक्टर गर्दीत तिकिटं देणार, की फोन घेणार? शेवटी त्यांनी स्वतः शकूला मागच्या बसमध्ये चढवून दिलं. तिला बसायला जागा मिळाली. पर्समध्ये पुस्तक होतं, पण उघडलं नाही. कोणी पिशवी खाली ठेवली असेल का? पायाखाली आली असेल का? वाटभर ती बाहेर बघत राहिली.

आळंदी आली. पुढं गेलेली ती बस उभी होती, रिकामी. कंडक्टर दारातच!

"तुमची का हो पिशवी? ह्या तान्हूबाईंनी वात आणला! माणसं उभी आणि पिशवी बसलेली! म्हटलं, आजी, मांडीवर घ्या. तर म्हणे, पोरीला शब्द दिलाय! एक म्हातारी चढली, तिला स्वतःची जागा दिली. पण पिशवी नाही हलवली!"

आत तान्हूबाई अजून उभ्याच. एक हात पिशवीवर.

"आलीस? म्हटलं, मागनं येशीलच."

"मावशी, ह्यात माझ्या वडिलांच्या अस्थी आहेत."

हात मागं घेतला का त्यांनी? नाही! कलशावरचा पंचा सारखा केला आणि म्हणाल्या, "मग बरं झालं बाई. खिडकीची जागा होती."

आणि त्या रिकाम्या बसमध्ये शकू मटकन बसली, बापाशेजारी, आणि रडली. इतकी वर्षं लेक खिडकीत, बाप खाली. आज बाप खिडकीत गेला, लेक खाली राहिली. गाडी हलल्यावर खाली राहिलेल्याला काय दिसतं, ते तिला त्या दिवशी कळलं.

तर मंडळी, जागा धरणाऱ्याचीच! त्याची असते म्हणून तर तो देऊ शकतो. आपण सगळे इथं कोणीतरी धरलेल्या जागेवर बसलोय. तो खाली उभा होता तेव्हा तुम्ही काय वाचत होता? मला सांगू नका! पण घरी कोणी अजून खिडकीखाली उभं असेल, तर गाडी हलायच्या आत एकदा बाहेर बघा.

चहाला गेलेले दोघे आले वाटतं. तिसरं उपरणं अजून तसंच आहे. असू द्या, कोणी हलवू नका. येईल मागच्या बसनं. उचला टाळ!