चेंबरची दोन तोंडं

सून: ते ठीक आहे, पण तुमच्या माणसाने त्या दिवशी सांडपाण्याच्या पाइपात कॅमेरा नेमका कुठून घातला, हे कोणी सांगेल का?

सर्वेअर: ताई, चेंबरमधूनच घातला असणार. रिपोर्टमध्ये स्पष्ट आहे. अकरा मीटरवर झाडाची मुळं, पाइपाची वर्षानुवर्षं झालेली झीज. झीज विम्यात बसत नाही, म्हणून क्लेम नामंजूर झाला.

सासूबाई: आमच्या अंगणात झाड कुठंय? तुळतुळीत फरशी आहे सगळी. आणि अकरा मीटर म्हणजे तुम्ही कुंपण ओलांडून पलीकडे गेलात. मी मोजलंय.

सर्वेअर: कशाने मोजलंत, आजी?

सासूबाई: शिवणाच्या टेपने. चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतले, एकही परत आला नाही. तुमचा रिपोर्ट मात्र पहिल्याच फेरीत उसवला.

सून: आई, थांबा ना. हा फोटो बघा, साहेब. पाइप लाल मातीचा आहे. आम्ही बाथरूम नवं केलं तेव्हा प्लास्टिकचा टाकला होता. मला भांडायचं नाहीये हो. पण पाणी सोडलं की मोरीतून उलटं वर येतं. बाळाला रोज उचलून बहिणीकडे अंघोळीला नेते. आता ते पालथं पडायला लागलंय, उद्या रांगेल. ह्या जमिनीवर कसं सोडू त्याला? तुम्ही आजही नाहीच म्हणालात, तर घर सोडावं लागेल आम्हाला.

सर्वेअर: झाकण उघडू द्या आधी. त्या दिवशी चेंबर भरलेलं होतं का?

सून: काठोकाठ नाही, पण बरंच. आज सकाळी पंप लावून उपसलंय.

सर्वेअर: अच्छा! म्हणजे बघा, इथे दोन तोंडं आहेत. हे वरचं, आणि ते अगदी तळाशी. तळाचं पाण्याखाली होतं, म्हणून त्याने दिसलं त्यात घातला.

सासूबाई: आणि चालू कुठलं?

सर्वेअर: तेच बघायला हवं.

सासूबाई: मग बघत काय बसलात? थांबा, बादलीत नीळ कालवते आणि मोरीत ओतते. निळं कुठे जातंय ते बघा दोघं.

(आतून बादली ओतल्याचा आवाज.)

सून: आलं, आलं! आई, तळाच्या तोंडाकडे चाललंय. वरच्यात एक थेंब नाही. तिथे तर कोळ्याचं जाळं आहे.

सर्वेअर: म्हणजे ती जुनी, मेलेली लाइन. आम्ही तिचा फोटो काढून तुमचा क्लेम फेटाळला. हे मी लिहीन, काळजी करू नका. आता कॅमेरा खाली सोडतो. तुम्ही स्क्रीन धरा, ताई.

सासूबाई: मलाही दिसू द्या. आत किती स्वच्छ आहे गं! मला वाटलं, काय काय दिसेल.

सर्वेअर: एक मीटर... दोन... तीन... चार... आणि हे काय?

सून: पांढरा दगड?

सर्वेअर: दगड नाही, काँक्रीट. पाइपाच्या डोक्याला भोक पडलंय आणि त्यातून काँक्रीट आत उतरून बसलंय. हे झिजून होत नाही, कोणीतरी वरून फोडलंय. चार मीटर म्हणजे वर कुठे येतं?

सासूबाई: टेप धरा. हं... सरळ या... इथे.

सून: आई. हा तर झोपाळ्याचा खांब.

सर्वेअर: खांब कधी रोवला?

सून: गेल्या महिन्यात, एका रविवारी. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. आणि लगेच मंगळवारी पाणी वर आलं.

सर्वेअर: मग ताई, उलट बरंच झालं. घरच्या माणसाच्या हातून चुकून झालेलं नुकसान तुमच्या पॉलिसीत बसतं. मुळं बसत नाहीत, पहार बसते. फक्त कोणी, कधी, कसं, हे लिहावं लागेल. खाली त्यांची सही.

सून: सही बाबांचीच हवी?

सर्वेअर: ज्यांच्या हातून झालं त्यांची.

सून: नुसतं 'घरातली व्यक्ती' लिहिलं तर? आजारपणानंतर बाबांचे हात थरथरतात. सहा महिने चमचासुद्धा धरवत नव्हता. हा झोपाळा म्हणजे त्यांनी एकट्याने केलेलं पहिलं काम. बाळ अजून बसतही नाही, पण ते रोज त्याला आणून दाखवतात. आत्तासुद्धा त्यालाच घेऊन फिरायला गेलेत.

सर्वेअर: नाव नसेल तर वरून परत येईल, ताई. पुन्हा नामंजूर.

सासूबाई: लिहा त्यांचं नाव. आणि खाली माझंही लिहा. ते म्हणत होते, पुरे झाला खड्डा, खाली काहीतरी लागतंय. मी म्हटलं, दगड असेल, हाणा अजून हातभर.

सून: आई, पण त्यांना सांगायचं कसं? फाटक वाजलं बघा. मी बाळाला घेते त्यांच्याकडून, मग तुम्ही बोला.

सासूबाई: नको. बाळ त्यांच्याच कडेवर राहू दे. त्याला धरलेलं असलं की त्यांना आपल्या हातांचा राग येत नाही.