आत्यानं दिलेला धूर

मी इनामगावची, घोड नदीच्या काठची, आन् दिली मांडवगण फराट्यात, सख्ख्या आत्याच्याच घरात, म्हंजी बापाची बहीण तीच माझी सासू. लोक म्हणायचे पोरीनं नशीब काढलं, सासुरवास न्हाई. आन् न्हवताच, खोटं कशाला बोलू. आत्याला गावात लई मान, कारण ती दाढंतली कीड काढायची. निखाऱ्यावर रिंगणीच्या काटेरी झुडपाचं बी टाकायचं, नळीनं दाढंला धूर द्यायचा, खाली पाण्याची वाटी, आन् त्या वाटीत पांढरे किडे पडायचे, लोक लांबून लांबून यायचे.

माझी खालची दाढ किडली, खड्डा पडला, वांगी तोडाया वाकलं की ठणका डोक्यात जायचा. काय सांगू तुम्हाला, भाकरी दुधात भिजवून नुसती गिळायची. मी म्हणले दौंडला दातांच्या डॉक्टरकडं जाते, तर आत्या म्हणली, डॉक्टर काय करतोय गं, दाढ उपटून हातात देतोय, घरात मी असताना कशाला जाती. मग धूर. किडे पडलेले मी डोळ्यानं बघितले, चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा ठणका, पुन्हा धूर. सालभर असंच चाललं. शेवटी गाल सुजला, डोळा मिटला. आत्या त्या दिवशी सकाळीच पाटसला लेकीकडं जाते म्हणून गेलेली, मग मी कुणालाच न विचारता वडापची जीप धरली आन् दौंड गाठलं.

डॉक्टरच्या दारात चपला काढल्या, आत बघते तर खुर्चीत आ करून कोण, तर माझी आत्या. डॉक्टर म्हणत व्हता, आजी, ही शेवटची दाढ भरली, आता बिनघोर चावा. म्हंजी पाटसला म्हणून निघायची ती हितंच यायची.

माझी मात्र काढावी लागली. आधी आला असता तर भरून दिली असती, म्हणला डॉक्टर. किड्यांचं विचारलं तर हसला, म्हणला ते बियातलेच बारीक कोंब असत्यात.

येताना वडापमधी आत्या कानात म्हणली, कुणाला बोलू नको गं, मी डॉक्टरकडं जाते हे कळलं तर माझ्याकडं कोण येईल. माझ्या तोंडात कापूस, बोलता कुठं येतंय. रडू मात्र आलं. परक्या सासूनं केलं असतं तर एवढं लागलं नसतं वो, माहेरचं माणूस म्हणून तिच्या हातात तोंड दिलं व्हतं मी.

आता कुणी गाल धरून आलं की मी अंगणातच सांगते, दौंडला जा, उशीर करू नका. ती आतून ऐकती. तिचं जेवणखाण, औषधपाणी समदं वेळेवर करते, देव तिला औक्ष देवो. पण पहिलं अगं आत्या म्हणायचे, आता अवो सासूबाई म्हणते. शेजारणी म्हणत्यात, सून किती मानानं बोलती. तिला कळतंय ते.