मुंबईचा संबळ

...बजेट! पहिला प्रश्न काय, तर बजेट! अहो, माणूस दारात चपला काढतोय तोवर विचारतात, ‘सर, तुमचं बजेट काय?’ नाव नको, गाव नको, काय वाजवता ते नको. डॉक्टर तरी आधी जीभ बघतो हो!

तुम्हाला सांगतो, सिडकोत माझी एक खोली आहे. मी तिला स्टुडिओ म्हणतो, आमची बायको, प्रतिभा, अडगळीची खोली म्हणते. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, गाद्यांवर अंड्यांचे ट्रे, आणि भिंतीपलीकडे लगेच आमचं स्वयंपाकघर. भजनी मंडळं, निवडणुकीची गाणी, साड्यांच्या सेलची रिक्षातून फिरणारी जाहिरात, सगळं तिथेच रेकॉर्ड होतं. संबळ लागला की मंगळू. दिंडोरीकडचा गोंधळी, बापजाद्यांपासून देवीपुढे वाजवणारा. एसटीनं यायचा, संबळ कमरेला बांधायचा, कपाळाला हात लावून ‘उदो’ म्हणायचा, एका टेकमध्ये काम खलास, चहा प्यायचा आणि परत एसटी. चाललं होतं की नाही बरं? चाललं होतं!

मग आले गोरक्षशेठ. देवळ्याचे कांद्याचे व्यापारी. नवरात्रात वणीच्या गडावर विकायला देवीच्या गाण्यांची सीडी काढायची होती त्यांना. गाणार कोण? स्वतः शेठ! आवाज कसा? लिलावात बोली लावून लावून कमावलेला! बरं, ते जाऊ द्या, पैसे त्यांचे, गळा त्यांचा. पण मंगळूचं वाजवणं ऐकलं आणि शेठनी नाक मुरडलं. म्हणाले, “सर, हे लय गावठी वाटतं. आपल्याला मुंबईचा साऊंड पायजे. कॉम्प्युटरवाला.”

आता मला सांगा, गाणार देवळ्याचे, देवी गडावरची, ऐकणारी माणसं गडाच्या पायथ्याला नांदुरीत पेढे घेणारी, आणि संबळ तेवढा मुंबईचा? पण बोलतो कोण! दोन महिने खोलीत कुणी फिरकलं नव्हतं, ही ऑर्डर गेली असती तर तिथे खरोखरच अडगळ ठेवायची वेळ होती. मी मंगळूला म्हटलं, बाबा रे, या वेळी तुझ्यापुरतं बजेट नाही. त्यानं संबळ पिशवीत घातला आणि विचारलं, चहा पिऊन जाऊ का तसाच जाऊ.

तसाच गेला हो! दूध संपलं होतं.

मग सुरू झाली खरेदी. प्रतिभाचा मामेभाऊ राज, मुंबईत साऊंडचा कोर्स केलेला. त्याला फोन लावला. नमस्कार नाही, ताई कशी आहे नाही... ‘भावजी, बजेट काय?’ मी आकडा सांगितला. त्यानं तो पुन्हा विचारला, एखादं शून्य ऐकायचं राहिलं का म्हणून. मग म्हणाला, बघू, काहीतरी बसवू. बसवू? मी काय फरशी बसवून घेत होतो?

रेकॉर्डिंगचं एक सॉफ्टवेअर भारी, पण त्याच्याबरोबर एक किल्ली येते, ती कॉम्प्युटरच्या मागे खोचायची, आणि ती हरवली तर सॉफ्टवेअर पुन्हा विकत घ्यायचं. आमच्या घरात नेलकटर दोन दिवस एका जागी राहत नाही! दुसरं फुकट, पण काम सेव्ह होत नाही. म्हणजे दिवसभर राबा आणि संध्याकाळी बटण बंद करून हात जोडा. तिसरं मेन रोडच्या गल्लीत मिळतं, पेनानं नाव लिहिलेल्या सीडीवर. ते नको! ते मी एकदा केलंय. त्र्यंबकच्या मंडळाचं अख्खं भजन व्हायरसनं खाल्लं होतं. ठमाबाई म्हणून सत्तरीच्या बाई, डोळे मिटून काय गायल्या होत्या... काटा आला होता अंगावर. मी माफी मागितली, परत गा म्हटलं. गायल्या बिचाऱ्या. पण म्हणाल्या, “गाते रे, पण तसे डोळे काय परत मिटायचे नाहीत.” तेव्हापासून कानाला खडा.

गेलो मुंबईला. दुकानदार खुर्चीतून उठला नाही. ‘बजेट बोलो.’ बोललो. त्यानं एक सॉफ्टवेअर काढलं, सगळ्यात लहान भावंड, ज्यात निम्मी बटणं करडी, दाबली की सांगतात मोठ्या भावाला विकत घ्या. ठीक आहे म्हटलं. आता सॅम्पल. सॅम्पल म्हणजे काय, तर कुणीतरी कुठेतरी वाद्य वाजवायचं, त्याचे तुकडे करून सीडीत भरायचे, आपण बोट दाबलं की वाजतं. एका सीडीत ऐंशी व्हायोलिनवाले! म्हटलं, माझ्या कॉम्प्युटरमध्ये मावतील का? तो हसला. चार मावतील म्हणाला, बाकीच्यांसाठी रॅम घ्या. एकात रशियन चर्चमधले गाणारे, एकात बर्फातला वारा. देवीच्या गाण्यात मी बर्फातला वारा कुठे घालू? मग ‘इंडिया’ नावाची सीडी. उघडून बघतो तर एक सतार, एक गारुड्याची पुंगी, आणि कोण एक बाई ‘नमस्ते’ म्हणते. झाला इंडिया!

आणि शेवटी त्यानं खालच्या खणातून काढली... ‘महाराष्ट्राची लोकवाद्यं’. संबळ, हलगी, सगळं. किंमत ऐकली आणि माझ्या डोळ्यासमोर आमचा न घेतलेला फ्रीज आला. दोन वर्षं प्रतिभा पाण्याच्या पातेल्यात दूध ठेवते हो! तरी घेतली. फ्रीज पुढच्या वर्षी.

घरी येऊन सीडी टाकली, बोट दाबलं... काय तुम्हाला सांगू! काय तो संबळ! शेठ ऐकायला आले, खुर्चीत उडाले. “याला म्हणतात मुंबईचा साऊंड! भारी शे!” आणि मीही मान डोलावली. मंगळूला हे जमलंच नसतं, असं सुद्धा म्हणालो. मीच म्हणालो!

दुसऱ्या दिवशी प्रतिभा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. म्हणाली, आवाज वाढवा. वाढवला. संबळाच्या मागे, अगदी बारीक, काहीतरी फुसफुसतं, थांबतं, आणि मग किंचाळतं. म्हणाली, “अहो, ही आपल्या कुकरची शिट्टी आहे.” मी म्हटलं, वेडी का काय तू, कुकर काय तुझ्या एकटीकडेच आहे? पूर्ण आवाज सोडला. आणि शेवटच्या ठोक्याच्या खालून, तुम्हाला सांगतो, माझ्याच बायकोचा आवाज... ‘अहो, गॅस बंद करा!’

ट्यूबच पेटली माझ्या डोक्यात! गेल्या वर्षी, सिंहस्थात, एक दाढीवाले साहेब आले होते मुंबईहून. लोककलेचं संशोधन करतो म्हणाले, बजेट नाही म्हणाले. संशोधन म्हटल्यावर मी खोलीचं भाडं निम्मं केलं, मंगळूला मीच बोलावून आणलं, आणि मंगळूनं दिवसभर संबळ वाजवला, एका मिसळीवर! माझी खोली, माझा माइक, माझ्या बायकोचा कुकर, आणि मंगळूचाच संबळ खोक्यात घालून मलाच विकला! वर मंगळूला हे जमलं नसतं असं कोण म्हणतंय? मीच!

बरं, ती शिट्टी कापावी तर ठोका जातो. ठोका ठेवावा तर जगदंबेच्या प्रत्येक कडव्याला ‘गॅस बंद करा’. नवरात्र आठवड्यावर आलेलं. राजला विचारलं, तर म्हणतो, भावजी, आवाज साफ करायचं एक सॉफ्टवेअर आहे, तुमचं बजेट काय? फोन आपटला.

शेवटी मंगळूच्या गावात फोन लावला. त्याला फोनवर बोलावून घेतलं. म्हटलं, मंगळू, तूच ये बाबा, शेठना काही सांगू नकोस, सीडीतला मुंबईचाच संबळ आहे असं मी सांगेन.  मग अगदी हळू, अगदी नीट विचारलं त्यानं.

“सर, या वेळी बजेट काय हाय?”

 म्हटलं, होतं रे मंगळू. सगळंच्या सगळं तुझ्यावरच घातलं. फक्त तुझ्यापर्यंत आलं नाही.

येतो म्हणाला उद्या. मिसळ सांगून ठेवा म्हणाला, आणि चहाला दूध आहे का ते बघा. तेवढं बजेट आहे अजून.