पट्टी रंगावर

—आणि मुलगी मागायला आलात ते थेट दुकानात, सोबत ना आई, ना वडील — हे मला आवडलं. म्हणजे आवडलं असं नाही, हसू आलं. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय मी मुद्दाम आखूड ठेवलाय, घाई करणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी. दातांचे डॉक्टर ना तुम्ही? मग या इकडे, तुमच्याच धंद्यातलं दाखवतो. हा बोर्ड छापखान्याचा, दुरुस्तीला आलाय. त्यांचं कागद कापायचं यंत्र या एकाच जुन्या कॉम्प्युटरचं ऐकतं, नव्याला ओळखच देत नाही, आमच्या आत्यासारखं. चालू केला की पंखा फिरतो, पडदा काळा. हे बारके डबे दिसतात का — कपॅसिटर. वीज गिळायची, साठवायची, बेताबेताने सोडायची. चांगल्याचं डोकं सपाट असतं. हा बघा, फुगलाय, हा तर वरून गळलाय — सुजलेली हिरडीच की नाही? पण हे सोपे. खरा बदमाश हा शेजारचा, वरून कसा टकाटक, भांग पाडल्यासारखा, आणि आतून सुकून ठणठणीत कोरडा. मीटर लावल्याशिवाय कळायचा नाही. कुणी मुलगी बघायला आलं की मला हाच आठवतो. तुम्हाला नाही म्हटलं — मी टोपी फेकली, तुमच्या डोक्याला बसली तर माझा काय दोष?

आधीच्या दोघांचं सांगितलं का तिने? सांगितलं असणार, आणि हसली असणार. माझ्याकडे एक मेलेला बोर्ड आहे, तो तिकडे टेबलाखाली. त्यात कपॅसिटर उलटा लावायचा, पाहुण्याला जवळ बोलवायचं, जाडा चष्मा घालायला द्यायचा — उगाच कुणाचा डोळा जायला नको — आणि बटण दाबायचं. फट्ट. थोडा धूर, घाण वास, कागदाचा भुगा. विमा कंपनीतला होता तो एक चप्पल इथेच टाकून गेला. दुसऱ्याने निदान दोन्ही नेल्या. तिची आई म्हणते, पोरीचं लग्न होऊ द्यायचंच नाही का तुम्हाला? असं कसं, द्यायचंच आहे. पण जवळपास. तुमचा दवाखाना कुठे, तर गाडीने अर्धा दिवस. म्हणजे ती तिकडे, मी इकडे. मला काही अडचण नाही हं — दुकान मी एकटाच चालवतो, ती नुसती शेजारी बसते. मापं मोठ्याने वाचते, तिला सवयच आहे. आणि मी जेवायला उठलो की माझी कामं उघडून परत बघते. का बघते? मी विचारलेलं नाही. तिला वाटतं मला ठाऊक नाही, मला वाटतं तिला काही कळलं नाही — छान चाललंय आमचं.

असो. हे बघा, जुना काढताना दोन्ही पायांना या तापल्या कांडीने आळीपाळीने ताव द्यायचा, ओढाताण नाही, तुमच्यासारखं छातीवर गुडघा ठेवून नाही. भोक सुईने मोकळं केलं. नवा घ्यायचा तो तेवढ्याच मापाचा, व्होल्टेज जुन्यापेक्षा कमी नको — जावयाच्या बाबतीतही मी तिच्या आईला हेच सांगितलंय. आता खरी गोम. डब्यावर उभी पट्टी असते, ती उणे बाजू. बोर्डावर गोल छापलाय, अर्धा रंगवलेला, आणि या बोर्डात रंग म्हणजे उणे. म्हणून पट्टी रंगावर. इथे चुकलं तर छापखान्यातल्या माणसांनी उद्यापासून कागद काय दातांनी कापायचा? हा घातला, हा डाग दिला, आणि हे बटण — हात का धरलात? डॉक्टर, हात सोडा, होणाऱ्या सासऱ्याचा हात कुणी असा — काय दाखवताय? पट्टी. कुठे आहे पट्टी? इकडे? नीट बघा.

उलटी आहे म्हणता.

हो मग, मुद्दामच लावली. परीक्षा तुमची. घाबरून पळता की — हां. मुद्दामचा बोर्ड टेबलाखाली असतो, हे मघाशी मीच बोललो, नाही का? फार बोलतो मी, तिची आई म्हणते ते खोटं नाही. तुम्ही हसत का नाही? हसा की, विमावाला असता तर गावभर सांगून हसला असता. बरं, नका हसू. काढा तो डबा, तुम्हीच काढा, हात स्थिर आहे तुमचा. हळू. बस्स. आता फिरवून घाला.

झालं? आता आत जा आणि तिला सांगा, म्हातारा हो म्हणाला. का म्हणाला विचारेल, सहजासहजी सोडायची नाही. सांगा, त्यांनी बटण दाबलं, फट्ट झालं, धूर निघाला आणि मी जागचा हललो नाही. एवढंच. पट्टीचं एक अक्षर नाही. तिला संशय आहेच, खात्री तुम्ही करून देऊ नका — नाहीतर लग्नबिग्न सोडून इथेच बसून राहील, आणि तुम्ही आपले तिकडे एकटे लोकांच्या दाढा उपटत. बघताय काय माझ्याकडे? जा म्हटलं ना. आणि दार लोटून घ्या.