कवळी छान बसली

डॉक्टर : ...आणि हा काढलेला चोथा. पोटात मोसंबीएवढा गोळा झाला होता. बघून घ्या एकदा.

मुलगा : पण डॉक्टर, गाठबीठ नाही ना?

डॉक्टर : नाही हो. न पचलेल्या धाग्यांचा गोळा आहे. संत्र्याच्या फोडी, शेंगांच्या शिरा, असलं सगळं. दोन दिवस ते बाजारातलं फसफसणारं काळं कोला पाजून मऊ केला आणि आज तोंडातून दुर्बीण घालून फोडून काढला. पोटाला चीर द्यावी लागली नाही, हे नशीब.

आई : औषध मात्र झकास होतं हो तुमचं. एरवी हा मला त्या बाटलीला हात लावू देत नाही. दात किडतात म्हणे. मी म्हटलं, अरे, आता कुठले दात?

डॉक्टर : आजी, दातांचंच विचारायचंय. जेवताना कवळी घालता ना?

मुलगा : घालते की. मीच केलीये, माझा धंदाच तो. दोन वर्षं झाली, टोचते म्हणून एकदाही घासून द्यावी लागली नाही.

डॉक्टर : मी आजींना विचारलं.

आई : घालते. अगदी माझेच दात वाटतात.

डॉक्टर : मग ही फोड बघा. अख्खीच्या अख्खी, कुठे चावल्याची खूण नाही. आजी, हे पुन्हा होणार. पुढच्या वेळी आतड्यात जाऊन अडकलं, तर ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही. तेव्हा मला खोटं सांगू नका.

आई : ...गिळते मी. घाईत.

मुलगा : घाई कसली गं तुला?

डॉक्टर : तुम्ही दोघं बोला. मी पलीकडच्या पेशंटला बघून येते.

(डॉक्टर जातात. मुलगा स्टूल पलंगाजवळ ओढतो.)

मुलगा : कवळी कुठाय?

आई : घरी. डबीत.

मुलगा : आणि जेवताना?

आई : तू समोर असलास की घालते. चावलं की खालून हिरडीत सुई घुसते, म्हणून मग चावतच नाही. तू हात धुवायला उठलास की काढून ठेवते.

मुलगा : कधीपासून?

आई : अरे, आता कशाला ते उकरून काढायचं...

मुलगा : आई, कधीपासून?

आई : पहिल्या दिवसापासून.

मुलगा : पहिल्या दिवशी तू आरशात बघून म्हणालीस, छान बसली. शेजारणीला बोलावून दाखवलीस.

आई : आरसा तूच धरला होतास ना. तुझ्या तोंडावर काय आनंद होता, तुला काय माहीत. माझं दुखणं मला सोसवत होतं. तुझा चेहरा उतरलेला नसता सोसवला.

मुलगा : ज्यांच्या हाताखाली मी कवळ्या करायला शिकलो, ते उस्ताद तेव्हाच म्हणाले होते, खालची बाजू उंच झालीये, पुन्हा कर. मी चारचौघांत त्यांना उलटून बोललो, माझी आई खोटं बोलणार नाही म्हणून. त्याच आठवड्यात त्यांच्याकडचं काम सोडलं. तुझ्या एका शब्दावर दुकान थाटलं मी.

आई : दुकान चाललंय की चांगलं. कोणाची तक्रार नाही, तूच सांगतोस.

मुलगा : तीच माझी मिजास होती. पस्तीस-चाळीस म्हातारी माणसं कवळ्या घेऊन गेली, सगळ्यांचं माप तुझ्यासारखंच घेतलं. एकही परत आलं नाही. मला वाटलं, हात बसला. आता वाटतंय, त्यांच्याही घरी डब्या असतील.

आई : असं नको रे बोलूस.

मुलगा : मग कसं बोलू? तुझं पोट दुखत होतं, सहा महिने मी तुला पाचक चूर्ण आणून देत होतो, आणि तू ते गुपचूप घेत होतीस. घरात आणखी कोणाला ठाऊक होतं?

आई : ...सूनबाईला. माझ्यासाठी मऊ करून द्यायची ती वेगळं. मीच शपथ घातली होती तिला.

मुलगा : म्हणजे एकाच टेबलाशी बसून तुम्ही दोघी मला खेळवत होतात.

आई : खेळवत नव्हतो रे, सांभाळत होतो.

मुलगा : सांभाळायला मी काय तान्हा होतो? फसवलंत मला.

आई : चुकलं माझं. घरी गेलं की नवं माप घे. या वेळी जरा जरी टोचलं तरी सांगेन, बघ. तुझी आण.

मुलगा : मी नाही घेणार माप.

आई : रागावलास?

मुलगा : हो. पण राग जाईल. तू छान म्हणालीस, तरी ते खरं कशावरून, हे आता मला कधीच कळणार नाही.

आई : मग मी काय करू, सांग तरी.

मुलगा : उद्या तुला उस्तादांकडे नेतो. मी बाहेर थांबेन. त्यांना खरं सांगशील ना? ते तुझे कोणी लागत नाहीत.